बंदुकीला कोणतं तेल, कुठे आणि किती: खान्देशातल्या नव्या परवानाधारकांसाठी

रावेर-यावलकडे नवा परवाना मिळालेला माणूस बंदूक घरी आणतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, "हिला तेल कोणतं लावू?" घरातूनच चार उत्तरं येतात. कुणी शिलाई मशीनचं सांगतं, कुणी खोबरेल, कुणी ट्रॅक्टरचं ऑईल, आणि म्हातारी माणसं रॉकेल. यातलं एखादं योग्य जागी चांगलं काम करतं, एखादं कुठेच चालत नाही. आमच्या घरात वडिलांच्या वेळची बाराबोर दुनळी आहे. तिच्यावर मी बऱ्याच चुका केल्या आणि त्यातूनच शिकलो. माझं म्हणणं एवढंच आहे की बाटली घेण्याआधी तेलाचं काम ठरवा.

आधी बंदूक रिकामी करा

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दुनळी बिजागरीतून उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड बघा. रायफलचा बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढा. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडून प्रत्येक घरात बोट फिरवा. ठासणीच्या बंदुकीला मात्र डोळ्यांनी कळत नाही. तिच्या नळीत गज तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीला बाहेरून लावून बघा. टोक निपलपर्यंत, म्हणजे टोपी बसते त्या छोट्या नळीपर्यंत, पोचत नसेल तर आत भरलेलं आहे. अशी बंदूक साफ करायला घ्यायची नाही, आधी जाणकाराकडून रिकामी करून घ्यायची.

तेलाची तीन कामं

पहिलं काम मळ सुटवण्याचं. दुसरं, घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर ठेवण्याचं, म्हणजे वंगण. तिसरं, लोखंडाला हवा आणि ओल लागू न देण्याचं.

मळ सुटवणारं द्रव पातळ आणि झिरपणारं लागतं, त्यामुळे ते टिकत नाही. गंजापासून वाचवणारं चिकटून राहावं लागतं, म्हणून ते जाडसर असतं आणि धूळ धरतं. वंगण या दोघांच्या मधलं. तिन्ही कामं करणारी तेलं मिळतात, त्यांना सीएलपी म्हणतात. नवशिक्याने एकच बाटली घ्यायची असेल तर तीच घ्यावी, ती वाईट नाही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, वावटळीत काळ्या मातीची धूळ उडते, आणि जूनपासून हवा ओली होते. एकच तेल बारा महिने सारखं चालेल असा हा मुलूख नाही.

मळ काढताना

आजच्या काडतुसांत धूर न करणारी दारू असते. बार काढल्यावर नळीत काजळी राहते, बाराबोरमध्ये शिशाचा थर आणि प्लास्टिकच्या वॅडचे, म्हणजे छर्ऱ्यामागच्या बुचाचे, पट्टे राहतात, रायफलमध्ये गोळीच्या तांब्याचा थर बसतो.

काजळीसाठी नळी धुण्याचं तयार सॉल्व्हंट मिळतं. हॉपीज नंबर नाईन हे त्यातलं जुनं नाव, 1903 पासूनचं. हत्यारांच्या परवानाधारक दुकानात असं काही ना काही असतं. नसेल तर रॉकेल चालतं. आता रॉकेल सहज मिळत नाही, तेव्हा रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. मात्र यातलं काहीही नळीत सोडून द्यायचं नाही. मळ निघाला की कोरड्या चिंध्यांनी पुसून घ्यायचं आणि मग वेगळं तेल लावायचं. रॉकेल लावून ठेवलेली नळी वरवर ओली दिसते, पण त्याने गंज थांबत नाही.

पेट्रोल कधीच नको. त्याची वाफ हिवाळ्याच्या थंडीतही पेट घेते. रॉकेलची वाफ साधारण 35 ते 40 अंशांच्या पुढे पेटण्याजोगी होते, आणि जळगाव-भुसावळची मे महिन्यातली दुपार त्याहून गरम असते. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी, उघड्या ओट्यावर, चूल-बिडीपासून लांब करा.

पद्धत अशी. चिंधी सॉल्व्हंटमध्ये भिजवून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या मागच्या, बाजूने घाला आणि तोंडाकडून बाहेर काढा. उलट केलं तर सगळी घाण यंत्रात जाते आणि गज घासून नळीचं तोंड झिजतं. रायफलची अचूकता त्या तोंडावर अवलंबून असते. दहा मिनिटं थांबा. मग पितळी किंवा ब्रॉन्झचा ब्रश दहा-बारा वेळा फिरवा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका. पुन्हा भिजवलेली चिंधी, मग कोरड्या चिंध्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. जुनं सुती धोतर किंवा फ्लॅनेल यासाठी उत्तम, टेरीकॉट मळ धरत नाही.

रायफलवाल्यांना कधीतरी तांबं काढणारं अमोनियाचं सॉल्व्हंट लागेल. चिंधी निळसर-हिरवी निघाली म्हणजे तांबं सुटतंय. बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ते नळीत ठेवू नका. बाराबोरला याची गरज नाही.

ठासणीची बंदूक: आधी पाणी, मग तेल

इथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण पीक राखायला घेतलेल्या बंदुका बऱ्याचदा ठासणीच्याच असतात आणि सर्वांत जास्त त्याच सडतात.

काळ्या दारूत सोरा, गंधक आणि कोळसा. बार झाला की नळीत पोटॅशियमचे क्षार राहतात आणि ते हवेतली ओल ओढतात. टोपीत किंवा जुन्या लष्करी काडतुसाच्या प्रायमरमध्ये (ठोक्याने पेटणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असेल तर त्यातून पोटॅशियम क्लोराइड तयार होतं. केळीवाल्यांना हा पदार्थ नवा नाही. ड्रिपमधून आपण पांढरं पोटॅश सोडतो, म्युरेट ऑफ पोटॅश, ते हेच. पोटॅशच्या गोणीजवळचं विळा-पावडं कसं खातं ते आपण बघतो. बार झाल्यावर नळीच्या आत तोच क्षार बसलेला असतो.

आता विचार करा, पोटॅश तेलात विरघळतं का? नाही, ते पाण्यात विरघळतं. म्हणून अशा नळीत कितीही महाग तेल ओतलं तरी क्षार तेलाखाली तसाच राहतो आणि आठ दिवसांत लोखंड खातो. लोक म्हणतात, "तेल लावलं होतं तरी गंजली." तेल लावलं होतं, पण धुतली नव्हती.

तेव्हा बार काढला त्याच दिवशी नळी धुवा. निपल निघत असेल तर काढून वेगळं धुवा. कोमट पाण्यात थोडा साबण घाला. उकळतं पाणी नको, त्याने नळीत लगेच तांबूस झाक येते. नळीचं तळ बादलीत ठेवून चिंधी बांधलेला गज पिचकारीसारखा वरखाली करा. काळं पाणी निघेल, पाणी बदलत राहा. नंतर साध्या पाण्याने खळखळून धुवा. कोरड्या चिंध्या फिरवा, तोंड खाली करून थोडा वेळ उन्हात टेकवा, आणि नळी कोमट असतानाच तेल लावा. दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी पुन्हा फिरवा. ती तपकिरी निघाली तर धुणं अपुरं झालंय, पुन्हा सगळं करा.

ठासणीची आणखी एक गोष्ट. खनिज तेल नळीत राहिलं आणि त्यावर काळ्या दारूचा बार झाला तर डांबरासारखा चिकट थर बनतो. म्हणून ठेवताना खनिज तेल, पण भरण्याआधी ते पूर्ण पुसून काढायचं. चिंधी किंवा डाट्याला चोपडायला मधमाशीचं मेण आणि गोडेतेल एकत्र वितळवून वापरा. गोडेतेलाची बंदुकीत एवढीच जागा आहे. निपलच्या छिद्रातही तेल राहू देऊ नका, त्याने टोपी फुटते पण बार पेटत नाही.

याच क्षारांमुळे खत-औषधांच्या खोलीत कोणतीच बंदूक ठेवू नये. कपाट तिथे असेल तर कपाट हलवा. केळीचा चीक लागलेले हातही धुऊनच बंदुकीला लावा. तो डाग तेलाने निघत नाही, आधी ओल्या फडक्याने पुसावा लागतो.

वंगण: तेल कुठे, ग्रीस कुठे

ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल. तेलात धातूचा साबण मिसळून ते लोण्यासारखं करतात. साबण तेलाला जागेवर धरून ठेवतो आणि दाब आला की थोडं थोडं सोडतो. त्यामुळे जोरात दाबून घासणाऱ्या जागी ग्रीस, आणि हलक्या हाताने फिरणाऱ्या पिना, स्प्रिंगा, सेफ्टी यांना तेल.

दुनळीत ग्रीसची मुख्य जागा एकच, बिजागरीची पिन आणि तिच्यावर बसणारा नळीचा खाचेचा भाग. दोन्ही नळ्यांचा भार तिथे येतो. हा भाग कोरडा राहिला तर काही वर्षांत नळी आणि मागची पाटी यांत फट पडते, आणि मग ते काम कारागिराचं. नळीच्या खालच्या खुंट्यांना आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडी तोंडाला बोटाने अगदी पातळ थर. .315 रायफलमध्ये बोल्टच्या खुंट्यांची मागची बाजू आणि बोल्ट उचलताना घासणारा उतार. इतकंच.

ग्रीस कोणतं? बंदुकीसाठीची छोटी ट्यूब मिळाली तर उत्तम, मॉलिब्डेनमची काळी ग्रीस बिजागरीला फार चांगली. नाही मिळाली तर ऑटो पार्टच्या दुकानात लिथियमची एमपी, म्हणजे मल्टिपर्पज, ग्रीस मागा. डब्यावर एनएलजीआयचा अंक असतो, अंक मोठा तितकी ग्रीस घट्ट. 2 घ्या, 3 मिळाली तरी बिजागरीला चालेल. लिथियमची ग्रीस 180 अंशांच्या आसपासपर्यंत पातळ होऊन गळत नाही, तेव्हा आपल्या उन्हाची तिला भीती नाही. बैलगाडीच्या आसाचं किंवा ट्रॅक्टरच्या सांध्यांतलं काळं जाड ग्रीस आणू नका. ग्रीसगनमध्ये राहिलेलंही नको, त्यात माती असते. ग्राफाइटचं ग्रीस अॅल्युमिनियमच्या भागांना लावायचं नाही, तिथे धातू खराब होतो.

तेलात शिलाई मशीनचं तेल पिना-स्प्रिंगांना छान चालतं. ते शुद्ध, पातळ, न चिकटणारं असतं. पण गंजापासून फार दिवस वाचवत नाही, हे लक्षात ठेवा.

आता किती लावायचं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पिनेला तेल सुईच्या टोकावर राहील एवढं. इन्सुलिनची सिरिंज वापरली तर थेंब हाताशी राहतो. बिजागरीला ग्रीस ज्वारीच्या दाण्याएवढं, तेही पसरून. फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर ठोका मारणारी पिन, जवळजवळ कोरडी ठेवा. तिथे तेल साचलं की काजळी धरतं, थंडीत घट्ट होतं, आणि टोपीवर ठोका हलका पडतो.

मार्च ते मे मध्ये हे प्रमाण आणखी कमी करा. कापसाचं वावर मोकळं झाल्यावर उडणारी धूळ ग्रीसमध्ये बसली की ते वंगण राहत नाही, धार लावायच्या मसाल्यासारखं होतं. वावरातून आल्यावर जुनं ग्रीस फडक्याने पूर्ण पुसा, मग नवं लावा. जुन्यावर नवं कधीही नाही.

घरातली इतर तेलं

खोबरेल, शेंगदाण्याचं, तिळाचं तेल यंत्रात नको. वनस्पती तेल हवेने हळूहळू घट्ट होतं आणि चिकटा बनतो. खोबरेल तर 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि धुळे-नंदुरबारच्या हिवाळ्यातल्या रात्री त्याहून बऱ्याच थंड असतात. घोडा आपोआप जड होतो आणि कारण सापडत नाही.

नवं इंजिन ऑईल अडचणीत चालेल, जाड आहे एवढंच. गाडीतून काढलेलं जळकं ऑईल मात्र हाताला लागलं तरी धुवा. त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा चुरा असतो.

डब्ल्यूडी-40 च्या नावातलं "डब्ल्यूडी" म्हणजे पाणी हटवणं. 1953 मध्ये ते त्याच कामासाठी बनलं. पावसात भिजलेल्या बंदुकीवर आधी मारायला ते अप्रतिम आहे. त्यानंतर पुसून खरं तेल लावा. त्यावरच भरवसा ठेवून पावसाळा काढू नका.

पितळी भांडी उजळवायचं काहीच नळीला लावायचं नाही. लिंबू, चिंच आणि भांड्यांची पावडर यांनी नळीवरचा निळसर-काळा मुलामा उतरतो. तो मुलामा हीच गंजाविरुद्धची पहिली साल.

गंजाविरुद्ध: ऋतू बघून

पावसाळ्यासाठी जाडसर, गंज रोखणारं तेल लागतं. डब्यावर रस्ट प्रिव्हेंटिव्ह असं लिहिलेलं पाहा. पॅराफिन तेलाचं बॅलिस्टॉल हे जर्मन तेलही चांगलं, ते लाकूड-चामड्याला बाधत नाही. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एकदा बंदूक बाहेर काढा, पुसा, तेलाच्या फडक्याने हात फिरवा. त्यानंतर उघड्या हाताने धरायची नाही, घामातलं मीठ बोटांच्या ठशांसकट उमटतं. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये तर ठेवूच नका, ती ओल धरून ठेवतात. कव्हर फक्त नेण्या-आणण्यासाठी.

आपल्याकडे मे महिन्यातही गंज चढतो आणि लोकांना नवल वाटतं. कारण कूलर. पाण्याचा कूलर खोली गार करतो म्हणजे हवेत ओल भरतो, आणि बंदुकीचं कपाट बहुतेक त्याच झोपायच्या खोलीत असतं. कपाट कूलरच्या झोतातून बाजूला घ्या आणि आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्या दर महिन्याला तव्यावर मंद आंचेवर वाळवल्या की पुन्हा कामाला येतात. दाणे पुडीतून काढून वाळवायचे.

महिनोन्महिने ठेवायचं असेल तर व्हॅसलीनचा थर देतात. पण साधं व्हॅसलीन आपल्या उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळतं. मधमाशीचं मेण 62 अंशांच्या वर वितळतं. चार भाग व्हॅसलीन आणि एक भाग मेण पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, गार झाल्यावर वापरा. हे मिश्रण मे महिन्यातही जागेवर राहतं.

कोणतं तेल खरं, हे दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः पाहा. सहा लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. एक कोरडा ठेवा, बाकीच्यांना एकेक तेल लावा, चिठ्ठी बांधून श्रावणात ओसरीवर टांगा, अंगावर पाऊस येणार नाही असे. दोन-तीन आठवड्यांत निकाल दिसतो. सोबत काचेच्या तुकड्यावर प्रत्येक तेलाचा थेंब ठेवून महिनाभर उन्हात राहू द्या. जो बोटाला चिकटू लागला, तो यंत्रात जायला नको. माझ्या खिळ्यांत शिलाई मशीनचं तेल पहिल्या आठवड्यातच हरलं, पण काचेवर मात्र तेच सगळ्यांत स्वच्छ राहिलं. म्हणून मी ते पिनांना ठेवलं आणि नळीवरून काढलं.

बार काढण्याआधी

नळीतून कोरडी चिंधी फिरवा. हे विसरायचं नाही. जाड तेल किंवा ग्रीस नळीत साचलेलं असेल तर ते बुचासारखं अडतं आणि नळी फुगू शकते. चेंबरही कोरडं हवं. बार होताना काडतुसाचं कवच चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं, तिथे तेल असलं की ते मागे सरकतं आणि सगळा जोर बोल्टवर किंवा मागच्या पाटीवर येतो. काडतुसांना तेलाचा हात लावू नका, झिरपणारं तेल प्रायमरमध्ये गेलं की बार फुकट जातो.

लाकडाचा दस्ता

यंत्राचं तेल लाकडात गेलं की दस्ता नळीकडच्या टोकाला काळा आणि मऊ होतो, मग तडकतो. म्हणून तेल लावल्यावर पहिली रात्र बंदूक तोंड खाली करून, खाली फडकं ठेवून उभी करा. दस्त्याला जवसाचं तेल, म्हणजे अळशीचं, रंगाच्या दुकानात डबल बॉईल म्हणून मिळणारं. तळहाताने चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसा, दोन दिवस वाळू द्या. हे तेल सुकताना तापतं. त्याची बोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकते, तेव्हा वापरलेली फडकी पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

छर्ऱ्याची एअरगन

मुलं नेमबाजीसाठी स्प्रिंगची एअरगन आणतात. तिच्या हवेच्या नळकांड्यात खनिज तेल घालू नका. हवा दाबली की तापते, तेल पेटतं आणि सील जळते. तिथे सिलिकॉन तेलाचा एखादा थेंब, तोही क्वचित.

दसरा आणि निवडणूक

खंडेनवमीला आपण शस्त्रं पुजतो. हळद-कुंकवाची ओली बोटं, अक्षता आणि झेंडूची फुलं नळीवर रात्रभर राहिली तर सकाळी तिथे तांबूस डाग दिसतो. कुंकू कोरडं लावा किंवा दस्त्याला लावा, आणि त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून तेल फिरवा.

आचारसंहिता लागली की बंदूक जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. 2019 ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात होती, त्याआधी मी दुनळी जमा केली. घाईत शिलाई मशीनचं पातळ तेल लावून दिली, आणि परत आली तेव्हा डाव्या नळीत बोटभर लांबीचे तांबडे ठिपके होते. चूक माझी होती, ते तेल इतके दिवस टिकणारं नव्हतंच. आता नोटीस आली की मी नळी धुतो, आतून जाडसर तेलाचा पूर्ण थर देतो, बाहेर व्हॅसलीन-मेण चोळतो आणि तेलाच्या कागदात गुंडाळून नेतो. पावतीवरचा नंबर बंदुकीवरच्या नंबराशी जुळवून घेतो. परत आल्यावर तो सगळा थर टर्पेंटाइनने काढतो, नळीतून उजेड बघतो आणि मगच काडतुसांचा डबा उघडतो. ठिपके खोल गेलेले दिसले तर गावातल्या फिटरकडे न्यायचं नाही. बंदूक दुरुस्त करण्यालाही शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा परवाना असलेल्या कारागिराकडेच.